अपस्माराची शस्त्रक्रिया आणि मेंदूतील जाळी: नवागत अभ्यासकांसाठी

अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत, आणि त्यांच्यापैकी काहींसाठी शस्त्रक्रिया हा खरा पर्याय ठरतो. टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानाजवळील भागाच्या) अपस्मारावरील ८० रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत, जिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण वर्षअखेरीस भान हरपवणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधांवर असलेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. प्रश्न उरतो तो मेंदूचा नेमका कोणता भाग काढायचा, हा.

मी या विषयात सिग्नल प्रोसेसिंगच्या बाजूने आलो. अशा वाटेने येणाऱ्याला ग्राफ थिअरी लवकर आवडते, कारण मेंदूचे भाग म्हणजे बिंदू आणि त्यांच्यातील संबंध म्हणजे रेषा असे एकदा मानले की त्यांचे जाळे तयार होते आणि आकडेमोड सुरू करता येते. माझा सल्ला मात्र असा की, ती सुरू करण्यापूर्वी काही महिने कच्चा ईईजी (मेंदूतील विद्युत्-क्रियेचा आलेख) वाचायला शिकावे, तोही झटक्याच्या व्हिडिओसह आणि अनुभवी न्यूरोलॉजिस्टच्या शेजारी बसून. झटक्यात आधी हात वळला की आधी बोलणे थांबले, हा क्रम पुष्कळदा कोणत्याही आलेखापेक्षा अधिक सांगून जातो. पॅरिसमध्ये तालैराक आणि बांको या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्टिरिओ-ईईजीची पद्धत घडवली, तीही याच विचारावर: लक्षणांचा क्रम आणि विद्युत्-क्रियेचा प्रसार एकत्र वाचायचा.

या पद्धतीत बारीक इलेक्ट्रोड मेंदूत खोलवर बसवतात. ते कोठे बसवायचे हे आधीच्या अंदाजावर ठरते, आणि नवागताच्या नजरेतून सर्वाधिक निसटणारी गोष्ट हीच आहे. जिथे इलेक्ट्रोड नाही, तो भाग जाळ्यात दिसतच नाही. झटका तिथूनच निघत असेल, तरी गणित त्याच्या शेजाऱ्याला उगमस्थान ठरवते. दोन इलेक्ट्रोडमधील सहसंबंधही सावधपणे घ्यावा, कारण समाईक संदर्भ-इलेक्ट्रोडमुळे (ज्याच्या तुलनेत बाकीच्यांचे सिग्नल मोजतात) किंवा तिसऱ्याच भागाच्या प्रभावामुळे तो कृत्रिमरीत्या वाढू शकतो. म्हणून नवे मापन हाती आले की आधी संदर्भ बदलून ते पुन्हा काढावे. बरेचसे देखणे निष्कर्ष या एका परीक्षेत गळतात.

फ्रान्समधील मार्सेय येथील गटाने २००८ मध्ये मांडलेला एपिलेप्टोजेनिसिटी इंडेक्स अभ्यासास सुरुवात करण्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. एखाद्या भागात जलद लहरी किती प्रबळ होतात आणि तो भाग झटक्यात किती लवकर सामील होतो, या दोन्हींचा तो मेळ घालतो, आणि त्याची प्रत्येक पायरी डोळ्यांनी तपासता येते. रुग्णाच्या स्वतःच्या एमआरआयवरून उभारलेली संगणकीय प्रतिमाने, ज्यांत आभासी शस्त्रक्रिया करून पाहता येते, ती त्यानंतर हाताळावीत.

स्मृती आणि भाषेचे प्रश्न गणितज्ञांच्या बैठकीत क्वचितच येतात, म्हणून अपस्माराचे रुग्ण हेन्री मोलेसन यांचे प्रकरण प्रत्येकाने वाचावे: १९५३ मध्ये दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतील भाग काढल्यावर त्यांचे झटके कमी झाले, पण नव्या आठवणी साठवण्याची क्षमता गेली.

आपली पद्धत शस्त्रक्रियेच्या परिणामांशी ताडून पाहताना एक विषमता ध्यानात ठेवावी. रुग्ण झटकामुक्त झाला, तर पुरेसा भाग काढला गेला एवढेच सिद्ध होते. काढलेल्यातील प्रत्येक बिंदू आवश्यक होता, असे नाही. म्हणून झटकामुक्त न झालेल्या रुग्णांच्या नोंदी वगळून केलेल्या पडताळणीवर मी विश्वास ठेवत नाही.