दोन्ही हातांचं काम परत शिकताय? मग या चुका टाळा

स्पंजचा चेंडू! पक्षाघाताच्या पेशंटच्या हातात तो दिसला की हल्ली माझी चिडचिड होते.

एक काका आले होते, डावी बाजू गेलेली. तीन महिने चेंडू दाबून त्यांनी मूठ खरंच घट्ट केली होती. मी अर्धी भरलेली बाटली पुढे ठेवली. "काका, डाव्याने धरा, उजव्याने झाकण उघडा." उजवा हात झाकण फिरवायला लागला तसा डावा बाटली चेपत गेला, आणि झाकण सुटताच पाणी माझ्या शर्टावर. वर काका म्हणतात, "आता सुटत नाहीये." एकेक बोट मी सोडवलं.

चेंडूने आवळायला शिकवलं होतं. पक्षाघातानंतर बहुतेकांचं अडतं ते सोडण्यापाशी. शिवाय बाटली उघडणं म्हणजे दोन वेगळी कामं: एक हात करणारा, दुसरा बेताने धरणारा. झाकणाला जोर लागणार हे ओळखून मेंदू धरणाऱ्या हाताची पकड आधीच जुळवून घेतो. त्यासाठी मेंदूचे दोन अर्धगोल कॉर्पस कॅलोसम नावाच्या सुमारे २० कोटी तंतूंच्या जुडग्यातून एकमेकांशी बोलत असतात. हा संवाद एकटी मूठ आवळून कसा सुधारेल?

माझी पद्धत साधी. दुबळ्या हाताला आधी धरणाऱ्याचं काम द्यायचं: कागद दाबून धरणं, टॉवेलचं टोक धरणं. प्रत्येक वेळी मुद्दाम सोडायचं, मग परत धरायचं.

दुसरी चूक घाईची. दोन्ही तर्जन्या गाडीच्या वायपरसारख्या एकाच दिशेला हलवा आणि वेग वाढवत जा. थोड्या वेळाने त्या आपोआप आरशातल्यासारख्या, समोरासमोर हलायला लागतात. हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ स्कॉट केल्सो यांनी १९८०च्या दशकात हे मोजून दाखवलं. धडधाकट मेंदूसुद्धा वेगात सोप्या चालीकडे घसरतो, मग दुखावलेल्याकडून आठवड्यात शर्टाची बटणं लावून घेण्याचा हट्ट कशाला? वेग कमी करा. तेवढंच.

आणखी दोन चुका. चांगल्या हाताने दुबळा हात उचलून "दोन्ही हातांचा व्यायाम केला" म्हणणं: तो एकाच हाताचा असतो. डोक्यावरची कप्पी ओढणं: दुबळ्या खांद्याला इजा होते, नकोच.

घरच्यांनी सगळं हातात आणून देणं हीही चूकच. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदना बंद केल्या, तर माकडांनी तो हात वापरणंच सोडलं. चांगला हात अडकवून ठेवल्यावर मात्र तोच हात चालू झाला. म्हणजे न वापरण्याचीही सवय लागते. हे वाचून काही उत्साही मंडळी घरीच चांगला हात दिवसभर बांधून ठेवतात. कृपा करा! चांगला हात अडकवून दुबळ्याकडून काम करून घेण्याच्या उपचारासाठी मनगट आणि बोटं थोडी तरी उघडावी लागतात, रोजचा कित्येक तासांचा सराव लागतो, आणि तोल जाणारा माणूस हात बांधून चालला तर पडतो. शिवाय त्यात सराव मुख्यतः एकाच हाताचा.

काकांना मी पहिले दोन आठवडे नुसती बाटली धरायला आणि सोडायला लावली. झाकणाला हात लावायचा नाही. फार वैतागले होते माझ्यावर.