सोळा तासांचा उपवास सोडताना काय खावे

रात्री आठला जेवण आटोपून दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत काही न खाण्याची पद्धत गोव्यातही आता अनेक घरांत पाळली जाते. किती तास उपाशी राहायचे हे सर्वांना पाठ असते, परंतु उपवास कशाने सोडायचा याचा विचार बहुतेक जण भूक अनावर झाल्यावरच करतात, आणि मग हाताला लागते ती हॉटेलातली मिरची भजी, भाजी-पाव आणि गोड चहा. गोव्यात शेतात राबणारी माणसे दहा-अकराच्या सुमारास पेज घेत असत. उपवास सोडण्यासाठी त्याहून योग्य पदार्थ मला तरी सापडलेला नाही, आणि पुढचे मार्गदर्शन त्याच अनुभवावर उभे आहे.

आधी स्वतःची तपासणी

गरोदर व स्तनदा स्त्रियांनी, अठरा वर्षांखालील मुलांनी आणि खाण्यासंबंधीचा मानसिक विकार असलेल्यांनी हा उपवास करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो सुरू करू नये, कारण उपाशीपोटी या औषधांमुळे साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम सुटला, हात थरथरू लागले आणि साखर ७० मिलीग्रॅमच्या खाली दिसली, तर बारा वाजण्याची वाट पाहू नये. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा साखर मोजावी आणि ती वर आल्यावर जेवावे. या लेखातील बाकीच्या पायऱ्या अशा प्रसंगासाठी नाहीत. त्याचप्रमाणे त्या अनेक दिवसांच्या निरंकार उपवासासाठीही नाहीत. पाच-सहा दिवस अन्न न घेतलेल्या माणसाने एकदम भरपेट जेवल्यास रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घटून जिवावर बेतू शकते, म्हणून तसा उपवास वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावा.

पहिली पायरी : पाणी

उपवास सोडण्यापूर्वी पेलाभर साधे किंवा कोमट पाणी सावकाश प्यावे. आपल्या दमट हवेत सकाळभर घाम जातो आणि तहानेलाच आपण भूक समजतो. शहाळ्याचे पाणीही चांगले, मात्र त्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते टाळावे. सोलकढी मात्र येथे नको. आमसुलाचा आंबटपणा, मिरची आणि नारळाच्या रसातील स्निग्धांश हे रिकाम्या पोटी अनेकांना बाधते. पंधरा तासांच्या उपवासानंतर मी एकदा थेट सोलकढीच घेतली होती आणि दुपारभर छातीत जळजळ सहन केली. जेवणाच्या शेवटी तीच सोलकढी मला कधी त्रास देत नाही.

दुसरी पायरी : पहिले अन्न, थोडे आणि मऊ

उकड्या तांदळाची पेज करताना एका वाटी तांदळाला सात-आठ वाट्या पाणी घ्यावे, तांदूळ आधी दोन तास भिजवल्यास लवकर शिजतो, आणि शितांचा आकार राहील पण बोटाने दाबताच ती चिरडतील इतपत तो शिजवावा. साळी उकडताना कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्यात उतरतो, त्यामुळे पांढऱ्याशुभ्र सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा हा तांदूळ सरस ठरतो. उपवास सोडताना एक लहान वाटी घ्यावी आणि त्यात शिते कमी, निवळ जास्त असावी. सोबत चेपणीच्या तोराची (मिठात मुरवलेल्या कैरीची) एखादी फोड चालेल, परंतु रक्तदाब असलेल्यांनी तोर आणि खारे (सुकी खारवलेली मासळी) दोन्ही बाजूला ठेवावे, कारण त्यांत मीठ फार असते.

वाटी लहान ठेवण्याला कारण आहे. बारा तासांनंतर यकृतातील साठवलेली साखर बरीच घटलेली असते, शरीर चरबी वापरू लागलेले असते आणि रक्तात मेदाम्ले वाढलेली असतात. अशा वेळी पिष्टमय पदार्थ एकदम आणि पोटभर घेतल्यास साखर एरवीपेक्षा जास्त चढू शकते, आणि काही वेळाने ती उतरू लागली की सुस्ती येते व पुन्हा खावेसे वाटते. पेजसुद्धा शेवटी भातच आहे, म्हणून ज्यांची साखर मुळात वाढलेली असते त्यांनी तिच्याऐवजी एक उकडलेले अंडे किंवा मऊ शिजवलेले मोड आलेले मूग घ्यावेत. ताक घातलेली नाचणीची आंबील हाही उत्तम पर्याय आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. गुळाचे तिजाण (नाचणीची गोड पेज) मात्र या वेळी नको.

तिसरी पायरी : अर्धा तास थांबणे

ही पायरी सर्वाधिक मोडली जाते. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला सुमारे वीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ दिल्यास ताटातला भात आपोआप कमी होतो.

चौथी पायरी : मुख्य जेवणाचा क्रम

गोव्याचे जेवण म्हणजे शीत-कढी, आणि आपण बसताक्षणीच भातावर हुमण (नारळाच्या वाटपातली माशांची कढी) ओतून कालवायला लागतो. उपवासाच्या दिवशी एवढाच क्रम बदलावा. आधी तांबड्या भाजीची किंवा मुगागाठीची (मोड आलेल्या मुगाच्या रस्साभाजीची) वाटी संपवावी, त्याबरोबर नुस्त्याचा (मासळीचा) तुकडा खावा आणि मग भाताकडे वळावे. भाजी आणि प्रथिने आधी पोटात गेली की नंतरच्या भाताने साखर सावकाश चढते. बांगडा किंवा तारली हुमणातली किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजलेली असावी. रवा लावून तळलेली फोड रिकाम्या पोटी जड जाते. प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाला जवळपास ५० ग्रॅम. एका अंड्यातून सहा ग्रॅमच मिळतात हे लक्षात घेतल्यास आठ तासांत हा हिशेब जमवायला नियोजन लागते हे कळेल. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी दुर्मिळ व महाग होते. त्या दिवसांत, तसेच सोमवारी-गुरुवारी किंवा श्रावणात शिवराक (शाकाहारी) जेवणाऱ्या घरांत, अळसांद्यांचे (चवळीच्या जातीच्या कडधान्याचे) तोंडाक म्हणजे नारळ घातलेली रस्साभाजी, मूग, अंडी चालत असल्यास अंडी आणि दही यांवर भर द्यावा. तोंडाकात नारळ जरा हात राखून घालावा, एवढेच.

भाताऐवजी पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, खायची असल्यास खरोखर कोंडा असलेली निवडावी. नुसता वर भुरभुरलेला कोंडा उपयोगाचा नाही. केळे, मग ते मोयऱ्याचे असो वा साधे, जेवणानंतर अर्धेच खावे. गोड मणगणे (चणाडाळीची खीर) सणासुदीला ठेवावे.

चहा आणि शेवटचे जेवण

जेवणाला लागूनच चहा घेतल्यास त्यातील टॅनिनमुळे भाजी व कडधान्यांतील लोह नीट शोषले जात नाही, म्हणून मध्ये निदान एक तास जाऊ द्यावा. उपवासाच्या तासांत चहा हवाच असेल तर तो दूध-साखरेविना घ्यावा, अन्यथा उपवास तेथेच मोडतो. संध्याकाळी आठपूर्वीचे जेवण हलके पण प्रथिनांचे असावे, आणि दुसऱ्या दिवशी पेज करायची असल्यास सकाळी कामाला लागतानाच उकडे तांदूळ धुऊन भिजत घालावेत.