लायकेनवर वाढणारं लायकेन: ओळखताना या चुका टाळा

लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. काही लायकेन दुसऱ्या लायकेनवरच परजीवी म्हणून वाढतात. लडाखच्या कोरड्या कातळांवरची अशी परजीवी लायकेन बघायला निघालात, तर आधी ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगरावर भिंगाचा हात बसवून घ्या. मात्र पावसाळा उलटू द्या. भिजलेल्या लायकेनची वरची साल पारदर्शक होते, आतलं शैवाल हिरवं दिसू लागतं आणि दोन जातींच्या रंगांतला फरकच पुसला जातो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे दोन लायकेन एकमेकांना भिडलेली दिसली की लगेच ‘परजीवी’ म्हणून मोकळं होणं. कातळावर जागेसाठी रेटारेटी चालतेच. मधे काळी रेघ असेल तर बहुधा ती दोघांची नुसती हद्द असते. खरा परजीवी यजमानाच्या, म्हणजे ज्या लायकेनवर तो जगतो त्याच्या, अंगावरच उगवतो. आधी वेगळ्या रंगाचे एक-दोन खवले दिसतात, आणि पुष्कळदा भोवतीचा यजमान फिका पडलेला किंवा मेलेला असतो.

काळे ठिपकेही फसवतात. ती यजमानाची स्वतःची फळं (बीजाणू तयार करणारे भाग) असू शकतात, किंवा लायकेनवर जगणारी नुसती बुरशी. अशा बुरशींच्या २,००० हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. खवल्याचा ब्लेडने उभा छेद घ्या. त्याचा स्वतःचा हिरवा थर दिसला तरच ते लायकेन. हा सराव सोसायटीच्या जुन्या भिंतीवर करा. ठाण्यातल्या येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथलं काहीही खरवडायचं नाही.

वय न बघता निकाल देऊ नका. डिप्लोशिस्टिस मस्कोरम हे लायकेन क्लॅडोनिया या दुसऱ्या लायकेनवर जन्म घेतं आणि क्लॅडोनियाचंच शैवाल वापरतं. यजमान संपला की मातीवर स्वतंत्र पसरतं, आणि तोवर त्याने शैवालही बदललेलं असतं: आधी ट्रेबॉक्सिया इरेग्युलॅरिस, मग ट्रेबॉक्सिया शोमनी. मला ही अदलाबदल या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. बुरशीचा बीजाणू सोबत शैवाल आणत नाही. उन्हाने भाजलेल्या जागी ते शोधत बसण्यापेक्षा यजमानाच्या पोटात ते आयतं मिळतं. फक्त प्रौढ लायकेन पाहणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

ब्लीच लावून रंग बदलतो का हे बघणं ही ओळखीची एक चाचणी आहे, पण ब्लीचचा थेंब परजीवी आणि यजमान यांच्या जोडावर टाकू नका. डिप्लोशिस्टिस लाल होतं, पण थेंब पसरला की लाली कोणाची तेच समजत नाही. सुईच्या टोकाने प्रत्येकावर वेगळा लावा.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या किंवा इतर जाणकारांना फोटो दाखवायचा असेल, तर यजमान पूर्ण दिसेल असा एक फोटो काढाच. नुसत्या परजीवीच्या क्लोजअपवरून जात ठरवणं कठीण जातं.