नाशिकहून ट्रान्सनिस्ट्रिया: गाइड घेऊन एका दिवसाची सोव्हिएत सफर कशी आखायची

जॉर्जिया, बाकू, अल्माटी हे सगळं आता नाशिककरांचं करून झालंय, कॉलेज रोडला कुठल्याही टूरवाल्याकडे गेलात तर या तिन्हींची पॅकेजेस समोर ठेवतात. तिथे सोव्हिएत काळ दिसतो पण तुकड्यातुकड्यात, इथे एक पुतळा, तिथे एक म्युझियम, मध्ये मॉल आणि केबल कार. ज्यांना तो काळ नीट बघायचाय, रस्त्यांची नावं, झेंडा, कॅन्टीन, कारखाने, युद्धाची स्मारकं सगळं एकत्र, त्यांनी मोल्दोव्हाला जावं आणि तिथल्या राजधानीहून, म्हणजे किशिनाऊहून, एक दिवस गाइडसोबत ट्रान्सनिस्ट्रिया करावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि गाइड घेऊनच करा, एकट्याने बसने जाता येतं हे खरं, पण गाइडशिवाय ती जागा नुसती फोटोंपुरती उरते.

आधी थोडं समजून घ्या, नाहीतर तिथे जाऊन अर्धा दिवस "हे नक्की काय आहे" यातच जातो. मोल्दोव्हाच्या पूर्वेला नीस्तर नदी आणि युक्रेनची हद्द यांच्यामधली लांबलचक अरुंद पट्टी म्हणजे ट्रान्सनिस्ट्रिया, क्षेत्रफळ नाशिक जिल्ह्याच्या साधारण पाव हिस्सा. सोव्हिएत सत्तेने 1924 मध्येच नदीच्या या पूर्व काठावर एक स्वायत्त मोल्दाव्हियन प्रजासत्ताक बनवलं होतं, तेव्हा ते युक्रेनमध्ये धरलं जायचं. नदीपलीकडचा बेसारेबियाचा भाग तेव्हा रोमानियाकडे होता, तो 1940 ला सोव्हिएत संघाने घेतला आणि मग दोन्ही जोडून मोल्दाव्हिया झालं. म्हणजे पूर्व काठावर सोव्हिएत राजवट जास्त जुनी, मोठे कारखाने तिकडेच, रशियन बोलणारे लोक तिकडेच जास्त. संघ फुटायला लागला तेव्हा या लोकांना मोल्दोव्हात राहायचं नव्हतं, 2 सप्टेंबर 1990 ला त्यांनी वेगळं झाल्याचं जाहीर केलं, 1992 मध्ये लढाई झाली, शेकडो माणसं गेली, 21 जुलै 1992 ला युद्धबंदी झाली आणि तेव्हापासून परिस्थिती तिथेच थांबलीये. स्वतःचं सरकार, पोलीस, चलन, कोयता-हातोडा असलेला झेंडा, सगळं आहे पण संयुक्त राष्ट्रांतल्या एकाही देशाने मान्यता दिलेली नाही, रशियानेही नाही. रशियाचे सैनिक मात्र तिथे आहेत.

आपल्याकडे ओझर असल्यामुळे नाशिकच्या माणसाला हा विषय परका नाही, उलट आपण तयारी घरूनच सुरू करू शकतो. 1962 च्या करारानंतर 1964 मध्ये ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला, विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी होती. टाऊनशिपमधल्या जुन्या लोकांना विचारा, रशियन इंजिनियर, रशियन मॅन्युअल, ट्रेनिंगला तिकडे जाऊन आलेले कुणीतरी काका, गुळगुळीत कागदाची ती मासिकं ज्यांची कव्हरं वह्यांना घातली जायची, हे सगळं निघतं. जाण्याआधी अशा एखाद्या रिटायर्ड काकांसोबत तासभर बसा. ते लोक कारखाना, क्वार्टर, कॅन्टीन, शाळा, क्लब हे एकाच आवारात असण्याबद्दल जे सांगतात ना, तेच डोक्यात ठेवून तिरास्पोल, म्हणजे ट्रान्सनिस्ट्रियाची राजधानी, बघा, शहर पटकन कळतं. तिथलं मोठं वीज केंद्रसुद्धा, कुचुरगानचं, 1964 लाच सुरू झालेलं आहे.

आता तयारी. नाशिकहून मुंबई, समृद्धी आमणेपर्यंत झाल्यापासून हा टप्पा सोपा झालाय तरी पावसाळ्यात वेळ हाताशी ठेवा. मुंबईहून इस्तंबूल आणि तिथून किशिनाऊ हा मला सरळ पर्याय वाटतो. भारतीय पासपोर्टला मोल्दोव्हाचा व्हिसा लागतो, अर्ज ऑनलाइन होतो, कागदपत्रांची यादी तुमच्याकडे शेंगेनसारखा दुसरा व्हिसा आहे की नाही यावर बदलू शकते, म्हणून एजंटच्या तोंडी माहितीवर न जाता अधिकृत साइट स्वतः उघडून वाचा. ट्रान्सनिस्ट्रियाचा वेगळा व्हिसा नसतो. पण किशिनाऊहूनच आत जा आणि किशिनाऊलाच परत या, पलीकडची युक्रेनची हद्द 2022 पासून बंद आहे, तिकडून जायचा विचारही नको.

सुरक्षिततेचं मनापासून सांगते. शेजारी युद्ध चालू आहे, ओडेसा तिरास्पोलपासून फार लांब नाही, आणि बऱ्याच देशांची सरकारं आपल्या नागरिकांना ट्रान्सनिस्ट्रियात जाऊ नका असं सांगतात. आत काही झालं तर आपली एम्बसी फारसं काही करू शकणार नाही, कारण भारत त्याला देशच मानत नाही. त्यामुळे तिकीट काढताना आणि निघायच्या आदल्या आठवड्यात, दोन्ही वेळा ताजी सूचना वाचा. इन्शुरन्सवाल्याला स्पष्ट विचारा की हा भाग पॉलिसीत धरतात का, उत्तर ईमेलवर घ्या. किशिनाऊत निदान तीन रात्री ठेवा म्हणजे एक दिवस चेकपोस्टवर गडबड असली तर सफर दुसऱ्या दिवशी ढकलता येते. आणि घरी आईवडील काळजीने अर्धे होणार असतील, किंवा तुमच्याच मनात धाकधूक असेल, तर ट्रान्सनिस्ट्रिया सोडून द्या आणि किशिनाऊमध्येच सोव्हिएत इमारतींची वॉकिंग टूर करा, तीही छान असते.

गाइड निवडणं हे या सफरीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम, इथे घाई करू नका. दोन प्रकारचे गाइड मिळतात, किशिनाऊचे आणि तिरास्पोलचे. किशिनाऊचा गाइड मोल्दोव्हाच्या बाजूने 1992 सांगेल, तिरास्पोलचा त्याच्या बाजूने, आणि दोघांच्या घरचं कुणी ना कुणी त्यात होतंच. मला तिरास्पोलमध्ये राहणारा गाइड बरा वाटतो, कारण तिथे पगार किती दिवसांनी होतो, मुलं शिकायला कुठे जातात, एकेकाकडे दोन-दोन तीन-तीन पासपोर्ट का असतात हे तोच सांगू शकतो. दुसरी बाजू आदल्या दिवशी किशिनाऊच्या म्युझियममध्ये ऐका. बुकिंगआधी मेसेज करून विचारायचं: ग्रुप किती जणांचा, गाडी कुणाची, बेंदेर (तिथलं दुसरं मोठं गाव) आणि तिरास्पोल दोन्ही आहेत का, जेवण धरलंय का, शाकाहारी मिळेल का, चेकपोस्टवर थांबवलं तर काय करता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जो शांतपणे आणि सविस्तर देतो त्याला घ्या. जाहिरातीत नुसते रणगाडे आणि "टाइम मशीन" असं काही असेल तर मी टाळेन, तिथे साडेचार लाखांच्या आसपास माणसं राहतात, त्यांची भाजी, बस, शाळा रोज चालू असते, आणि चांगला गाइड तुम्हाला तेही दाखवतो.

पैशांचं बघून घ्या कारण इथेच लोक अडकतात. आपलं व्हिसा, मास्टरकार्ड तिथे चालत नाही. किशिनाऊहून रोख ल्यू (मोल्दोव्हाचं चलन) किंवा युरो न्यायचे, बेंदेर किंवा तिरास्पोलच्या एक्स्चेंज काउंटरवर थोडेच ट्रान्सनिस्ट्रियन रूबल करायचे, कारण ते बाहेर कुणीही घेत नाही, उरले तर उरले. 2014 पासून त्यांच्याकडे प्लास्टिकसारख्या मटेरियलची नाणी आहेत, प्रत्येक किमतीचा आकार वेगळा, कॅरमच्या सोंगट्यांसारखी वाटतात हातात, मुलांसाठी एक सेट नक्की मागून घ्या. मोल्दोव्हाचं सिम आत गेल्यावर बंद पडू शकतं, म्हणून मॅप आधीच डाउनलोड, गाइडचा नंबर कागदावर, आणि घरच्यांना सांगून ठेवायचं की दिवसभर मेसेज आला नाही तरी घाबरू नका.

प्रत्यक्ष दिवशी सकाळी लवकर निघा, किशिनाऊ ते तिरास्पोल साधारण 70 किलोमीटर. मोल्दोव्हा त्या रेषेला सीमा मानत नाही, त्यामुळे त्यांच्या बाजूने पासपोर्टवर शिक्का वगैरे नसतो. ट्रान्सनिस्ट्रियाच्या चेकपोस्टवर पासपोर्ट बघून एक छोटी चिठ्ठी देतात, त्यावर किती वाजेपर्यंत बाहेर पडायचं ते लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी पासपोर्टमध्येच ठेवा, परत जाताना मागतात. इथे फोन खिशात. चेकपोस्ट, सैनिक, पुलाजवळची लष्करी चौकी यांचे फोटो अजिबात काढायचे नाहीत, गाडीच्या काचेतूनही नाही, आणि ड्रोन तर नाशिकलाच ठेवून या.

पहिला थांबा बेंदेर करा असं गाइडला सांगा, बरेच जण उलटं करतात. बेंदेर नदीच्या पश्चिम काठावर आहे तरी ताबा ट्रान्सनिस्ट्रियाचा आहे, आणि सगळ्या भागाचा इतिहास इथे क्रमाने समजतो. किल्ला सोळाव्या शतकातला, ऑटोमन सुलतान सुलेमानच्या काळातला. आपण गडकोट बघून वाढलेली माणसं, त्यामुळे तट, बुरूज, नदीवरची नजर हे लगेच लक्षात येतं आणि गाइडला प्रश्नही चांगले विचारता येतात. रशियाविरुद्धची पोल्टाव्हाची लढाई 1709 ला हरल्यावर स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स पळून इथेच येऊन राहिला होता, काही वर्षं. मग गावात या. 1992 च्या जूनमध्ये सगळ्यात वाईट लढाई याच गावात झाली, पालिकेच्या इमारतीवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात, आणि पुलाजवळ स्मारक आहे. इथे दहा मिनिटं शांतपणे थांबा, मारलेल्यांची नातवंडं आजूबाजूने शाळेत जात असतात, सेल्फी काढायची ही जागा नाही.

तिथून तिरास्पोल जवळच आहे, 19 नंबरची ट्रॉलीबस दोन्ही गावांना जोडते. गाइड तयार असेल तर हा टप्पा गाडीने न करता ट्रॉलीबसने करा, गावातल्या लोकांसोबत बसून जाण्याची मजा वेगळी आणि तिकीटही किरकोळ. तिरास्पोलचा मुख्य रस्ता म्हणजे 25 ऑक्टोबर स्ट्रीट, जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे 1917 च्या क्रांतीची तारीख. सरकारी इमारतीसमोर लाल ग्रॅनाइटचा लेनिन, मागे झगा उडतोय असा. त्याच्या समोरच्या अंगाला टी-34 रणगाडा, अखंड ज्योत, आणि तीन वेगवेगळ्या युद्धांतल्या मृतांची स्मारकं एकाच आवारात: दुसरं महायुद्ध, अफगाणिस्तान, 1992. या आवाराला अर्धा तास तरी द्या. अफगाणिस्तानच्या भिंतीवरची नावं बघताना कळतं की सोव्हिएत फौजेत या छोट्याशा गावची किती पोरं होती. घोड्यावरचा रशियन सेनापती सुव्हारोव्ह, त्याचा पुतळाही बघा, 1792 ला त्याने इथे किल्ला बांधायला घेतला तीच शहराची सुरुवात.

शहरभर "शेरिफ" ही पाटी दिसेल, सुपरमार्केट, पेट्रोल पंप, स्टेडियम. 1993 मध्ये सुरू झालेली ही कंपनी तिथलं बरंचसं चालवते. त्यांच्याच फुटबॉल टीमने 28 सप्टेंबर 2021 ला माद्रिदमध्ये जाऊन रियालला 2-1 ने हरवलं होतं. त्या सुपरमार्केटमध्ये जरूर चक्कर मारा, कशाला किती किंमत आहे हे बघितल्यावर गाइडच्या पगाराच्या गोष्टीला अर्थ येतो.

दुपारचं जेवण सोव्हिएत धाटणीच्या कॅन्टीनमध्ये घ्या, ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. शाकाहारी लोकांनी "बेझ म्यासा", म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ करून जावं, पण तेवढ्यावर विसंबू नका कारण बोर्श्टचं (बीटच्या सूपचं) पाणी बऱ्याचदा मांसाचंच असतं. बटाट्याचे वारेनिकी (उकडलेले मोमोसारखे), चीज किंवा कोबी घातलेली प्लाचिंता (भरलेली रोटी), मक्याच्या पिठाची घट्ट मामालिगा, हे मिळतं आणि पोट भरतं. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवासाचे दिवस असतील तर "पोस्तनोये" मेन्यू मागा, त्यात मांस, दूध, अंडी नसतं, मासे कधीकधी असतात ते विचारून घ्या. जैन मंडळींनी ठेपले, खाकरे, चिवडा सोबत ठेवलेलाच बरा.

गप्पांमध्ये एक विषय जपून काढा. 1 जानेवारी 2025 ला रशियाचा गॅस बंद झाला आणि भर थंडीत घरांची हीटिंग आणि गरम पाणी गेलं, मग वीजही जायला लागली. लोक अजून त्याबद्दल बोलतात, पण तुम्ही थेट "तुम्ही रशियाच्या बाजूचे का" असं विचारलंत तर समोरचा माणूस बंद होतो. त्या हिवाळ्यात घर कसं चालवलं असं विचारा, बाकी सगळं आपोआप येतं.

खरेदीत क्विंट ब्रँडी प्रसिद्ध आहे, कारखाना 1897 चा, त्यांच्या 5 रूबलच्या नोटेवर त्याचं चित्रही आहे. टोप्या, बॅजेस, जुनी पोस्टकार्डं मिळतात. फक्त केशरी-काळ्या पट्ट्यांची सेंट जॉर्ज रिबन, रशियन लष्कराच्या पाठिंब्याची खूण, घेऊ नका, मोल्दोव्हाने 2022 मध्ये तिच्यावर बंदी घातलीये आणि तुम्हाला परत तिकडूनच जायचंय. चिठ्ठीवरच्या वेळेच्या तासभर आधी चेकपोस्टला पोचायचं असं गाइडला सकाळीच बजावून ठेवा.

निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्यांनी किशिनाऊत एक दिवस वाढवावाच. 1985 च्या गोर्बाचेव्हच्या दारूबंदी मोहिमेत मोल्दोव्हातल्या द्राक्षबागा मोठ्या प्रमाणावर उपटल्या गेल्या, आणि ती गोष्ट तिथल्या बागायतदाराच्या तोंडून ऐकणं हा आपल्यासाठी याच सफरीचा दुसरा भाग आहे. किशिनाऊजवळच्या मिलेश्ती मिच या वाइनरीला चुनखडीच्या जुन्या खाणीत जवळपास 200 किलोमीटरचे बोगदे आहेत, त्यातल्या 55 किलोमीटरमध्ये वाइन ठेवतात, आणि अंतर इतकं की लोक आत गाडीने फिरतात. म्हणून ज्या ड्रायव्हरसोबत तिरास्पोल कराल त्यालाच या दिवसासाठीही ठरवून टाका, आणि सेलरचं बुकिंग व्हिसा हातात आल्या आल्या करा.