पिक लाइनमधून घरी औषध देताना

मुंबई-नाशिकला कॅन्सरचे उपचार घेऊन पेशंट जळगाव-धुळ्याकडे आपल्या गावी परततो, तेव्हा बऱ्याचदा दंडावर एक बारीक नळी असते. ती पिक लाइन. बाहेरून सलाईनच्या नळीसारखी दिसते, पण तिचं आतलं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. त्यामुळे नळीच्या बाहेरच्या टोकाला जी टोपी असते, तिच्यावरचा जंतू क्षणात अंगभर पोहोचतो. हॉस्पिटलच्या सिस्टरने ज्याच्याकडून समोर करून घेतलंय, त्यानेच लाइनला हात लावावा. नुसता हा लेख वाचून नको. आणि केमोचं औषध घरच्यांनी द्यायचं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं अँटिबायोटिक किंवा सलाईन, एवढंच.

आधी पंखा आणि कूलर बंद. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, पेशंटची तगमग होते, हे मला कळतं. पण कूलरच्या वाऱ्याबरोबर धूळ येते. दहा मिनिटं कळ काढायला लावा. मग चिठ्ठी काढून औषधाचं नाव, डोस, एक्सपायरी ताडून पाहा. औषध गढूळ दिसलं, तळाशी कण दिसले तर ते वापरू नका.

आता हात. यावलकडच्या एका घरी मुलगा आईला औषध द्यायचा. दिवसभर केळीच्या बागेत काम, बोटांवर चिकाचे काळे डाग. तो डाग घासत बसायचा आणि नखं तशीच राहायची. मी त्याला म्हटलं, "भाऊ, डाग राहू दे, नखं आणि बोटांच्या बेचक्या घास." साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा, स्वच्छ कपड्याने कोरडे करा. त्यानंतर मोबाइलला, पदराला, कशालाच हात लावायचा नाही. लावलाच, तर पुन्हा धुवा.

पुढची पायरी सगळ्यात जास्त चुकते. लाइनच्या टोकाची टोपी स्पिरिटच्या स्वॅबने किमान १५ सेकंद घासायची, वरून आणि कडेनेही, मोसंबी पिळताना मनगट फिरतं तशी. मग ती आपोआप वाळू द्यायची. फुंकर मारायची नाही. वाळतानाच स्पिरिट जंतू मारतं, आणि तोंडातली फुंकर नवे जंतू आणून ठेवते. सिरिंज काढून परत जोडायची असेल, तर दर वेळी टोपी पुन्हा घासायची.

औषधाआधी सलाईन द्यायचं. त्यासाठी सिरिंज १० मिलीची किंवा त्याहून मोठी घ्या. छोट्या सिरिंजचा दाब जास्त पडतो, नळी फुटू शकते. सिरिंजवर टिचकी मारून हवा वर आणा आणि बाहेर काढा. जोडा, क्लॅम्प, म्हणजे नळी बंद करणारा चिमटा, उघडा, दट्ट्या हलकेच मागे ओढा. नळीत रक्त दिसलं की सलाईन थांबत थांबत ढकला, थोडं ढकला, थांबा, पुन्हा ढकला. रक्त आलं नाही तर पेशंटला हात वर करायला, खोकायला सांगा. तरीही आलं नाही, किंवा सलाईन जड जातंय, तर जोर लावू नका. औषध थांबवा, हॉस्पिटलला फोन करा.

औषध घड्याळ बघून, सांगितलेल्या मिनिटांतच द्यायचं. दोन औषधं असतील तर मध्ये सलाईन हवंच. सेफ्ट्रिऍक्झोन हे अँटिबायोटिक आणि कॅल्शियम नळीत भेटले तर खडे धरतात. शेवटी पुन्हा सलाईन, आणि डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. क्लॅम्प नेमका कधी लावायचा हे टोपीच्या प्रकारावर ठरतं, म्हणून तुम्हाला शिकवलंय तसंच करा. उरलेलं सलाईन उद्यासाठी ठेवू नका.

औषध देताना किंवा दिल्यावर थंडी वाजून हुडहुडी भरली, ताप आला, दंड सुजला, नळीच्या तोंडाशी पू दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळपर्यंत थांबू नका. नळी तुटली आणि पेशंटला दम लागला, तर तुटलेल्या जागेच्या वर, अंगाकडच्या बाजूला, नळी दुमडून घट्ट धरा, पेशंटला डाव्या कुशीवर निजवा, १०८ लावा.

घामाने ड्रेसिंगच्या कडा उन्हाळ्यात सुटतात. पारदर्शक ड्रेसिंग साधारण ७ दिवस चालतं, पण कड उचलली किंवा ओलं झालं तर वाट पाहायची नाही, सिस्टरकडून बदलून घ्यायचं. त्या हातावर बीपी मोजू देऊ नका. आणि जवळ कात्री नको, ड्रेसिंगची पट्टी कापायलासुद्धा नको.