ज्येष्ठमधाचे कोरियन सीरम: बाटलीवरचा मजकूर कसा वाचावा?

कोरियन सीरमच्या बाटलीवर दर्शनी बाजूला वनस्पतीचे चित्र आणि ठळक टक्केवारी असते; खरेदीचा निर्णय मात्र बाटली फिरवून, मागच्या बारीक अक्षरांवरून घ्यावा. उदाहरणासाठी ज्येष्ठमध घेऊ. कोरियन भाषेत त्याला ‘गमचो’ म्हणतात, आणि ते इतक्या काढ्यांत पडते की सगळीकडे हजर असणाऱ्या माणसाला तिथे ‘औषधाच्या दुकानातला गमचो’ असे म्हणण्याची पद्धत आहे.

प्रथम घटकांच्या यादीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव शोधावे. चिनी व कोरियन वैद्यकात मुख्यतः ‘ग्लिसिऱ्हायझा युरालेन्सिस’ ही जात वापरली जाते, तर आपल्याकडचे ज्येष्ठमध म्हणजे ‘ग्लिसिऱ्हायझा ग्लाब्रा’. त्वचेवरील काळे डाग फिके करण्यासाठी अभ्यासला गेलेला ग्लॅब्रिडिन हा घटक या दुसऱ्या जातीचे वैशिष्ट्य आहे. मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला तो अटकाव करतो.

त्यानंतर अर्क कशात काढला आहे ते पाहावे, कारण खरी मेख इथेच आहे. काढ्यात उतरते ते प्रामुख्याने पाण्यात विरघळणारे, चवीला गोड असे ग्लिसिऱ्हायझिन. ग्लॅब्रिडिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून शतकानुशतके पोटात घेतल्या गेलेल्या काढ्याचा दाखला देऊन डाग जाण्याची हमी देणारी जाहिरात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करत असते. ह जुन या राजवैद्याने १६१० मध्ये पूर्ण केलेला आणि १६१३ मध्ये छापला गेलेला ‘दोंगुई बोगाम’ हा कोरियन वैद्यकाचा थोर ग्रंथ आहे यात शंका नाही, परंतु त्याचे नाव खोक्यावर छापल्याने आतल्या द्रवाचा गुण सिद्ध होत नाही. यादीत ‘डायपोटॅशियम ग्लिसिऱ्हायझेट’ दिसले, तर ते त्वचेचा दाह शमवण्यासाठी घातलेले आहे असे समजावे.

टक्केवारीचा अर्थ लावताना विशेष सावध राहावे. उजळपणासाठीच्या ‘कार्यात्मक’ (म्हणजे ठरावीक परिणामासाठी अधिकृत मान्यता असलेल्या) प्रसाधनांकरिता कोरियाच्या नियमांत जी घटकांची यादी आहे, तीत तेलात विरघळणाऱ्या ज्येष्ठमध-अर्काचे प्रमाण अवघे ०.०५ टक्के आहे. ज्याच्या सालीपासून हांजी हा कागद बनतो त्या डाक झाडाच्या अर्काचे २ टक्के, तर नियासिनामाइडचे (ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) २ ते ५ टक्के. उलट ‘८० टक्के अर्क’ असे लिहिलेल्या बाटलीत त्या अर्काचा बहुतांश भाग पाणीच असू शकतो. घटक सामान्यतः उतरत्या क्रमाने लिहिले जातात, पण १ टक्क्याहून कमी असलेल्यांचा क्रम कसाही ठेवता येतो. त्यामुळे यादीच्या तळाशी असलेला अर्क निरुपयोगीच, असे मानू नये.

विकत घेतल्यावर लगेच चेहऱ्याला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा असे सात ते दहा दिवस लावून पाहावे. वनस्पतिजन्य असले तरी खाज, लाली किंवा पुरळ येऊ शकते, आणि तसे झाल्यास ती जागा धुऊन वापर थांबवावा. त्रास झाला नाही, तर रात्री वापरण्यास सुरुवात करावी आणि दिवसा सनस्क्रीन लावण्यात खंड पडू देऊ नये, कारण उन्हाने मेलॅनिन पुन्हा वाढते. बाटलीवरील उघड्या डबीच्या चित्रात ‘६एम’ किंवा ‘१२एम’ लिहिलेले असते. बाटली उघडल्यापासून तितक्याच महिन्यांत ती संपवावी, आणि उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवावी.