प्रत्येकाचा प्रकल्प वेगळा ठेवायचा असेल तर: नव्या शिक्षकांसाठी

हायस्कूलच्या वर्गात पहिल्यांदाच प्रकल्प आणि पोर्टफोलिओ (म्हणजे मुलाच्या निवडक कामांची फाइल) घ्यायला निघालेल्या शिक्षकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: प्रत्येक मुलाचा विषय वेगळा असेल, तर ते सगळे विषय मला यायला हवेत का? नकोत. मी भाषा शिकवते, आणि माझ्याकडे मधमाश्यांपासून सायकलच्या गिअरपर्यंत काहीही येतं. मार्गदर्शकाला दोन गोष्टी जमल्या तरी पुरे. मुलाचा पसरट प्रश्न हाताच्या मापाचा करता यायला हवा, आणि त्याच्या प्रत्येक विधानाला ‘हे कशावरून?’ असं न चिडता विचारता यायला हवं. बाकीचं सहकाऱ्यांना विचारता येतं. मुलाने स्वतः जाऊन विचारलं तर आणखी बरं.

पहिल्या भेटीत मुलं जे आणतात त्याला मी विषय म्हणत नाही, ते नुसतं शीर्षक असतं. गाणी मिक्स करायचा नाद असलेला एक मुलगा ‘ध्वनिप्रदूषण: कारणे, परिणाम व उपाय’ घेऊन आला. शीर्षकात ‘कारणे, परिणाम व उपाय’ दिसलं की समजावं, मजकूर नेटवरून उचलला जाणार. मी त्याला एवढंच विचारलं, की आवाजाचा त्रास तुला स्वतःला कुठे होतो? तो म्हणाला, ‘मॅडम, शेवटच्या बाकावर तुमचं अर्धं ऐकूच येत नाही.’ मला जरा लागलं, पण प्रकल्प मिळाला. प्रश्न ठरला तो असा: खिडक्या उघड्या असताना आणि बंद असताना शेवटच्या बाकाजवळच्या गोंगाटात किती फरक पडतो?

त्याने फोनवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं. मित्राचा फोन शेजारी ठेवला, तर दोन फोन दोन वेगळे आकडे दाखवायला लागले. ‘डेटा खराब झाला’ म्हणून तो सगळं खोडायला निघाला. मी वही धरून ठेवली. फोनचा मायक्रोफोन बोलणं टिपण्यासाठी असतो आणि मोजमापाच्या यंत्रासारखा प्रमाणित केलेला नसतो, त्यामुळे दोन फोनचे आकडे जुळले नाहीत तर नवल नाही. त्याचं त्यानेच ठरवलं: फोन एकच, जागा एकच, आणि बघायचा तो फक्त दोन स्थितींमधला फरक. पुढचा अडथळा सरासरीचा. डेसिबलचं प्रमाण लॉगॅरिदमचं असतं. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, म्हणून आकड्यांची सरळ बेरीज करून भागाकार केला तर तीव्रतेची खरी सरासरी निघत नाही. मुलगा लॉगॅरिदम विचारायला आपणहून गणिताच्या सरांकडे गेला. अभ्यासक्रमात तो धडा यायचा होता, पण याची गरज आधीच उभी राहिली होती.

प्रकल्प मुलाच्या आवडीचा असावा म्हणतात ते खरं. पण नुसत्या आवडीवर प्रकल्प फार लांब जात नाही. क्रिकेट आवडणारा मुलगा क्रिकेटचा इतिहास उतरवून आणेल, त्यात त्याचं स्वतःचं काय आलं? आवडीच्या विषयात त्याला जे कळलेलं नाही किंवा जे खुपतं, तिथे बोट ठेवायला लावा. आमच्याकडे मी तीन कसोट्या लावते. उत्तर आधीच माहीत आहे का? उत्तर शोधायला तुला स्वतः काहीतरी मोजावं, बनवावं किंवा कुणाशी बोलावं लागेल का? आणि हातात असलेल्या आठवड्यांत ते होईल का? तिसऱ्या कसोटीवर सगळ्यात जास्त प्रकल्प अडकतात, म्हणून ती सुरुवातीलाच लावा.

हे सगळं आज निघालेलं खूळ आहे असं सहकारी म्हणतील. पण अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांचा ‘प्रोजेक्ट मेथड’वरचा, म्हणजे प्रकल्पातून शिकवण्यावरचा, लेख 1918चा आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये डेबोरा मायर यांनी 1985मध्ये सुरू केलेल्या सेंट्रल पार्क ईस्ट सेकंडरी स्कूलमध्ये मुलं चौदा पोर्टफोलिओ तयार करून शालेय शिक्षण पूर्ण करत आणि त्यांतले सात एका समितीपुढे तोंडी मांडत. अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्सच्या ‘द मेट’ या शाळेने 1996पासून आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथे मुलं आठवड्यातले दोन दिवस शाळेबाहेर, आपल्या आवडीच्या क्षेत्रातल्या जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करतात, आणि लहानशा गटाला एकच सल्लागार शिक्षक वर्षानुवर्षं असतो. आपल्याला एवढं सगळं करायला मिळणार नाही हे मान्य. पण एका गटाला एकच मार्गदर्शक ही गोष्ट तेवढी उचला. दर सत्रात मार्गदर्शक बदलला, की मुलाला आपली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावी लागते.

आता पोर्टफोलिओ. नव्या शिक्षकांची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते, कारण ते सगळं जमा करायला सांगतात. वर्षाच्या शेवटी कपाटभर फायली होतात आणि त्या कुणी उघडत नाही. पोर्टफोलिओत निवड मुलाने करायची असते. चार-पाच कामं, आणि प्रत्येकाला जोडून एक पान: हे का निवडलं, यात आधी काय होतं, काय बदललं, अजून काय जमलेलं नाही. हे पान कोरं द्याल तर ‘मला खूप काही शिकायला मिळालं’ असं छापील वाक्य येतं. ते वाक्य दिसलं की मी खाली फक्त ‘काय?’ लिहून परत देते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मूल खरं लिहायला लागतं.

पक्क्या कामाबरोबर कच्चे मसुदेही ठेवायला लावा. तारखा हव्यात, खाडाखोड दिसायला हवी. आमच्या त्या ध्वनीवाल्या मुलाच्या पोर्टफोलिओतलं सगळ्यात चांगलं पान आहे ते दोन फोनच्या न जुळणाऱ्या आकड्यांचं. सुबक आलेखाचं पान त्याच्यापुढे फिकं वाटतं. स्पायरल बाइंडिंग आणि रंगीत कव्हरला गुण नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, म्हणजे पालकांची रात्रीची जागरणं वाचतील.

मसुद्यावर मुलांनीच एकमेकांना अभिप्राय द्यावा, पण तो शिकवावा लागतो. रॉन बर्जर या अमेरिकन शिक्षकाने सांगितलेले तीन नियम मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते: अभिप्राय मायेने द्यायचा, नेमका द्यायचा आणि उपयोगी पडेल असा द्यायचा. ‘छान आहे’ यात नेमकेपणा नाही. ‘दुसऱ्या तक्त्यात एकक लिहिलेलं नाही’ यात तो आहे. नेमकेपणा मुलांना पटकन जमतो. मायेला वेळ लागतो, विशेषतः नववीच्या वयात.

गुणांचं काय, हे मुख्याध्यापक विचारतीलच. रुब्रिक, म्हणजे गुण कशाकशाला मिळणार याचा तक्ता, आधी द्या आणि लहान ठेवा. प्रश्न, पुरावा, मांडणी आणि सुधारणा या चार ओळींत माझं काम भागतं. सुधारणेला वेगळे गुण दिल्याशिवाय मुलं मसुदे जपून ठेवत नाहीत, हा अनुभव आहे. इंग्लंडमध्ये मुलं स्वतंत्र प्रकल्प करून जी एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन मिळवतात, तिच्यातही अंतिम कामाबरोबर प्रॉडक्शन लॉग, म्हणजे कामाची नोंदवही, द्यावी लागते. कुठला निर्णय कधी घेतला आणि का बदलला, ते तिच्यात दिसावं लागतं.

पालकांची काळजी वेगळी असते: यात वेळ गेला तर पुढच्या प्रवेशाचं काय? ती हसण्यावारी नेऊ नका. त्यांना सांगण्यासारखा एक जुना दाखला आहे. 1930च्या दशकात अमेरिकेत ‘एट इयर स्टडी’ नावाचा प्रयोग झाला. सुमारे तीस शाळांना अभ्यासक्रम आपापल्या पद्धतीने आखायची मोकळीक मिळाली, आणि कॉलेजांनी त्यांच्या मुलांसाठी प्रवेशाच्या ठरावीक अटी बाजूला ठेवल्या. मग त्या शाळांतल्या आणि नेहमीच्या शाळांतल्या मुलांच्या 1475 जोड्या लावून कॉलेजमधली प्रगती तपासली. नव्या वाटेने आलेली मुलं मागे पडली नव्हती, काही बाबतींत किंचित पुढेच होती. त्याच बैठकीत हेही सांगा, की बोर्डाच्या परीक्षेची तयारी वेगळी करावी लागते आणि प्रकल्प तिची जागा घेत नाही. पालकांना सरळ बोलणं आवडतं.

शेवटचा टप्पा तोंडी सादरीकरणाचा, आणि चॅटबॉट आल्यापासून माझा सगळ्यात जास्त भरवसा याच्यावर आहे. लिहिलेलं कुणाचं, यावर मुलाशी वाद घालत बसू नका. पोर्टफोलिओचं मधलंच एखादं पान उघडा आणि विचारा, ही संख्या कुठून आली? हा परिच्छेद मागच्या मसुद्यात वेगळा होता, मग का बदललास? ज्याने केलंय तो अडखळत का होईना, सांगतो. सादरीकरणाला जेवढा वेळ, तेवढाच प्रश्नोत्तरांना ठेवा, आणि स्लाइड्स वाचून दाखवायला बंदी घाला. बाहेरचा एक माणूस बोलवा, शक्यतो त्या विषयातला नसलेला, कारण साधे प्रश्न तोच विचारतो. पुढच्या वर्षी प्रकल्प करणारी मुलं मागे बसवा. आणि पोर्टफोलिओ सादरीकरणाच्या निदान दोन आठवडे आधी हातात घ्या, नाहीतर प्रश्न काढायला तुम्हालाच वेळ मिळणार नाही.